कपाट, सलाम आणि उजवा खांदा

ज्या वर्षी थोरल्या मुलीचे लग्न दोनदा ठरले आणि एकदा झाले, त्या वर्षी तोफकाकांनी आपल्या उजव्या खांद्याबद्दल सरकारकडे अर्ज केला. अर्ज त्यांना करायचा नव्हता. तो करावा लागला, कारण इतकी वर्षे ते घरात खोटे बोलत आले होते आणि जावई चांगला निघाला.

तोफकाका हे नाव गल्लीने दिलेले. फौजेत पंधरा वर्षे काढून ते घरी परतले तेव्हा बोलण्यात तोफांचा आवाज फार असे. प्रत्यक्षात ते कोठारात होते. घोंगड्या, बादल्या, खाटा आणि कपाटे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणे, ही त्यांची देशसेवा. तोफेच्या सगळ्यात जवळ ते गेले ते तिच्यावर ताडपत्री घालायला, आणि तेव्हाही ताडपत्री अपुरी पडली.

खांदा मात्र खरोखरच गेलेला होता. उजवा हात छातीच्या वर जात नसे. शर्टाची बटणे बायको लावी, केस बायको विंचरी. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी तिने विचारले होते, "हे कशानं झालं?" खरे उत्तर चार शब्दांचे होते: जिन्यात अंगावर कपाट पडलं. काका ते चार शब्द बोलायला गेले आणि त्यांच्या तोंडून एक टेकडी बाहेर पडली. टेकडीवर शत्रू होता, खाली जखमी सोबती होता, आणि सोबत्याला पाठीवर घेऊन उतरताना खांद्याचा सांधा निखळला होता. बायकोचे डोळे भरून आले. त्यानंतर ते चार शब्द बोलायला जागाच उरली नाही. मुलगी शाळेत जाऊ लागली तोवर टेकडीचा डोंगर झाला होता.

जावई पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कामाला होता. कागदावर त्याची श्रद्धा होती. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्याने विषय काढला.

"बाबा, लढाईत जखमी झालात आणि वाढीव पेन्शनचा अर्ज नाही केलात?"

"देशासाठी केलं. त्याचं काय मागायचं," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी अनेकदा वापरलेले होते आणि दरवेळी त्यावर चहा मिळाला होता. या वेळी फॉर्म मिळाला.

फॉर्म अकरा पानांचा होता. जावई लिहीत गेला, काका सांगत गेले. तारीख त्यांनी खरी सांगितली, कारण ती इस्पितळाच्या जुन्या चिठ्ठीवर होती आणि चिठ्ठी मुलीने चौकटीत लावून ठेवली होती. इजेचे ठिकाण: टेकडी. इजेचे कारण: शत्रू.

आठ महिन्यांनी उत्तर आले. जावयाने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. "आपण नमूद केलेल्या तारखेस आपल्या देशाचे कोणाशीही युद्ध चालू असल्याचे या कार्यालयास ज्ञात नाही. आपणास ज्ञात असल्यास पुराव्यासह कळवावे. सबब अर्ज नामंजूर."



"गुप्त होतं," काका म्हणाले.

"आपल्याच सरकारला माहीत नाही?" बायकोने विचारले.

"म्हणूनच तर गुप्त."

"अपील करायचं," जावई उठून उभा राहिला.

"राहू दे रे."

"तुमच्यासारखी माणसं राहू दे म्हणतात, म्हणूनच ही कचेरीतली माणसं माजलीत." जावई स्वतः कचेरीतला होता, हे त्या क्षणी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

अपिलावर उत्तर आले की लढाईचे नंतर बघू, आधी खांदा वैद्यकीय मंडळाला दाखवावा. काकांना जरा हायसे वाटले. खांदा खरा होता. खांद्याला टेकडीतले काही माहीत नव्हते.

मंडळाच्या खोलीत वजनाचा काटा होता, डोळे तपासायचा तक्ता होता, आणि कोपऱ्यात हाडांचा सांगाडा टांगलेला होता. त्याचा उजवा हात दुरुस्तीला गेलेला होता. टेबलामागे डॉक्टर बसले होते, आणि ते फौजेच्या पूर्ण गणवेशात होते. पुढे जे झाले ते काकांनी केले नाही. ते पंधरा वर्षांच्या नोकरीने केले. टाचा जुळल्या, छाती पुढे आली, आणि जो हात कित्येक वर्षांत कंगव्यापर्यंत पोहोचला नव्हता तो खाडकन भुवईला लागला. खांद्यात काहीतरी टरकन फाटल्याचा आवाज काकांना ऐकू आला. डॉक्टरांना आला नाही. त्यांनी उलट सलाम केला, कारण त्यांनाही नोकरी होती, आणि ते लिहू लागले.

"बसू का, साहेब?" काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"कशाला? तपासणी झाली."

अहवालात लिहिले होते: "अर्जदाराने कोणी न सांगता उजवा हात भुवईपर्यंत नेला. तसे करताना चेहरा वेदनेने वाकडा झाला, तथापि चेहरा हा या अर्जाचा विषय नाही."

पुढचे अपील जावयाच्या आवाक्यातले नव्हते. कचेरीच्या जिन्याखाली एक अर्जनवीस टाइपरायटर घेऊन बसे. चष्म्याची एक काडी दोऱ्याची होती. त्याने अहवाल वाचला आणि मान हलवली.

"तुमची चूक काय झाली, माहितेय? तुम्ही डोळे उघडे ठेवून आत गेलात."

"मग कसा जाणार?"

"मिटून. गणवेश दिसला नाही की हात उठत नाही. गेल्या आठवड्यात एक पायाचा अर्जदार होता. सगळं जुळत आलं होतं. बाहेर बँडवर राष्ट्रगीत लागलं आणि गडी ताडकन उभा राहिला. संपला!"

"आता काय करायचं?"

"सुनावणी मागायची. तोंडी. तिथे तुम्हाला हात नाही, तोंड चालवायचंय. ते चालतं ना?"

"ते फार चालतं," बायको म्हणाली. ती मागे पिशवी धरून उभी होती.

सुनावणीआधी शपथ घ्यावी लागे. शपथेच्या खिडकीवर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी काकांकडे न बघता सांगितले, "उजवा हात वर करा."

"होत नाही वर."

"वर केल्याशिवाय शपथ होत नाही."

"अहो बाई, वर होत नाही म्हणूनच तर आलोय."

"हे शपथेनंतर सांगायचं. शपथेआधी सांगितलेलं आम्ही धरत नाही."

"डावा करू?"

"डावा तुमचा चांगला आहे. चांगल्या हाताची शपथ वाईट हाताला कशी लागू होईल?" बाईंनी आता प्रथमच वर पाहिले. माणूस अडाणी असला तरी म्हातारा आहे, असे त्यांना वाटले असावे. त्यांनी नियमांचे पुस्तक उघडले. "हात स्वतः वर करता येत नसेल तर दुसऱ्यानं उचलून धरायचा. दुसरा तुमच्याच पलटणीतला हवा, आणि इजा झाली तेव्हा जागेवर हजर असलेला हवा."

तसा माणूस जगात एकच होता.

त्याला पलटणीत उंट म्हणत. साडेसहा फूट उंची, लांब मान, आणि चालताना अंग डोलायचे. आता तो बसथांब्याच्या मागच्या बोळात चपला-बूट दुरुस्त करी. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले तेव्हा उंटाने आधी त्यांच्या पायांकडे पाहिले आणि मग चेहऱ्याकडे.

"आलास? इतक्या वर्षांनी? काढ बूट."

"बुटाचं नाही रे. हाताचं काम आहे."

काकांनी सगळे सांगितले. उंट दाभण थांबवून ऐकत राहिला.

"टेकडी? आपल्या तळावर जिना होता तेवढीच चढण."

"घरी तसं सांगितलंय."

"आणि मी कोण त्यात?"

"जखमी सोबती. तुला पाठीवर घेऊन मी उतरतो."

उंटाने स्वतःच्या साडेसहा फुटांकडे पाहिले, काकांच्या सव्वापाच फुटांकडे पाहिले. "पाय घासटले असतील माझे," तो म्हणाला.

"चेष्टा नको. घरची माणसं येणार आहेत सुनावणीला. कपाट बाहेर येता कामा नये."

"मी खोटं बोलायला तयार आहे, पण ते मला पाठ होत नाही. तुला ठाऊक आहे." उंटाने दाभण पुन्हा खुपसले. "पण येतो. तुझा हात धरायचा आहे ना? धरतो."

"तूही अर्ज का नाही केलास? तुझा अंगठा गेला होता की त्याच वेळी."

"अंगठा बुटात असतो. बुटातलं कोण बघतंय?"

सुनावणीच्या खोलीत तीन सदस्य होते. मधले अध्यक्ष. भिंतीला लागून एक बाक होता, त्यावर बायको, मुलगी आणि जावई बसले. जावयाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. उंटाने काकांचा हात धरून वर नेला, आणि त्याच्या उंचीमुळे तो इतका वर गेला की काका चवड्यांवर उभे राहिले. त्या अवस्थेत त्यांनी खरे बोलण्याची शपथ घेतली. मग कारकुनाने सांगितले की नियमानुसार शपथ हात उचलणाऱ्यालाही लागू होते.

"इजा कशी झाली?" अध्यक्षांनी उंटाला विचारले.

"टेकडीवर."

"कुठल्या?"

उंट काकांकडे वळला. "काय नाव ठरलं होतं रे?"

काकांनी मागे वळून पाहिले नाही. पाहायची गरज नव्हती, पाठीला सगळे कळत होते.

"टेकडी राहू दे साहेब," उंट म्हणाला. "कपाट होतं. मेजरसाहेबांच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर न्यायचं होतं. मी वरच्या टोकाला, उलटा चढत होतो. हा खालच्या टोकाला."

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकले. टेकडीबद्दल त्यांना काही विचारता येत नव्हते. कपाट त्यांच्या ओळखीचे होते. "कपाट सरकारी की खासगी?"

"सरकारी. नंबर घातलेलं."

"रिकामं?"

"नाही. आत साहेबांचे गरम कपडे, आणि बाईसाहेबांची लोणच्याची बरणी."

"म्हणजे कपाट सरकारी आणि माल खासगी." तिन्ही सदस्यांनी डोकी एकत्र केली. बरणी भरलेली होती की अर्धी, यावर बराच वेळ गेला. शेवटी अर्धी धरण्यात आली, कारण पूर्ण भरलेली असल्याचा पुरावा नव्हता. मग डाव्या बाजूच्या सदस्याने विचारले, "पण कपाट सुटलं कसं?"

काका उंटाकडे पाहून मान हलवत होते. टेकडी गेली होती, कपाटही आले होते, पण याच्याखाली अजून एक थर होता आणि तो फक्त दोघांना माहीत होता.

"शपथ आहे रे," उंट हळूच म्हणाला, आणि अध्यक्षांकडे वळला. "मेजरसाहेब जिना उतरत आले. माझी पाठ होती, मला दिसले नाहीत. याला दिसले. यानं कपाट सोडलं आणि सलाम ठोकला."

"दोन्ही हात सोडून?"

"डावाही सोडला साहेब. सावधान म्हणजे सावधान. कपाट याच्या खांद्यावर आलं, आणि त्याच्यामागून मी आलो, आणि माझा अंगठा कपाटाखाली आला."

"साहेबांनी काय केलं?"

"उलट सलाम केला आणि कपाट ओलांडून गेले. बरणी फुटली का, तेवढं विचारलं."

जावयाच्या घशातून कसलासा आवाज आला. काकांना वाटले, आता खरोखरच एखादी लढाई सुरू झाली तर बरे. पण अध्यक्षांचा चेहरा उजळला होता.

"अहो, मग आधीच का नाही सांगितलंत? सलाम ठोकताना! सलाम हे सेवेचं कर्तव्य आहे. टेकडीची चौकशी करत आम्ही तीन खात्यांना पत्रं लिहिली!"

अर्ज मंजूर झाला. आदेश असा होता: कपाटाचे वजन विचारात घेता खांदा तीन भाग सेवेत आणि एक भाग साहेबांच्या घरगुती कारणाने निकामी झाला, सबब पेन्शनीतली वाढ तीन भागांची मिळेल. मात्र अर्जदाराने वैद्यकीय मंडळासमोर सलाम ठोकल्याची नोंद असल्याने संशयास जागा आहे. यापुढे अर्जदाराचा उजवा हात छातीच्या वर गेलेला कोणाही नागरिकास आढळल्यास त्याने विहित नमुन्यात कळवावे. लाभ तत्काळ बंद होईल.

बाहेर व्हरांड्यात उंट भिंतीला टेकून उभा होता. अंगठा दुखत होता.

"कपाट बाहेर काढलंस," काका म्हणाले.

"तू आत ठेवायला नको होतंस." उंट हसला. "ऐक. त्या दिवशी तू त्या मेजराला सलाम ठोकलास, आणि आपण दोघं कायमचे वाकडे झालो. त्याला बरणीची काळजी. माझ्या वाटचा एक सलाम तुझ्याकडे राहिला. मी गेलो की मला ठोक. एकच. मग फिटलं."

"दोन ठोकीन."

"एकच बास. तुझे सलाम महागात पडतात."

घराच्या दाराशी आल्यावर किल्ली शोधता शोधता बायको म्हणाली, "इतकी वर्षं मी टेकडीच्या खांद्याला शेक दिला. कपाटाच्या खांद्यालाही दिला असता. सांगायचं होतंत." दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी बटणे लावायला आली. तीन लावली आणि वरचे सोडून दिले. "हे साहेबांच्या घरगुती कारणाचं," ती म्हणाली. मग हसू आवरेना, तेव्हा तेही लावले.

काकांना वाटले, संपले. खोटे गेले, पेन्शन आली, बायकोही हसली.

पण विहित नमुने गल्लीच्या वाचनालयात आले होते. खिळ्याला अडकवलेला गठ्ठा आठवड्यात पातळ झाला. समोरच्या गच्चीतल्या निवृत्त मास्तरीणबाई झाडांना पाणी घालता घालता विचारू लागल्या, "काका, काल कावळा हाकललात तेव्हा कुठला हात होता हो?" वाणी सामान मुद्दाम वरच्या फळीवरून दाखवी, "घ्या ना काका, तुमच्या हातानं घ्या." यात कोणाचे वैर नव्हते. लोकांना सरकारला मदत करायची होती, आणि मदत करायला दुसरे काही हाताशी नव्हते. खरे सांगायचे तर एक नमुना काकांनीही घरी आणला होता. कोपऱ्यावरचा बहिरा पेन्शनर हाक मारल्यावर वळून बघतो, असे त्यांच्या नजरेस आले होते. त्यांनी तो भरला नाही. पण आणला होता, आणि तो कपाटात होता.

काकांनी उजवा हात खिशात ठेवायची सवय केली. आधी तो दुखतो म्हणून वर जात नसे, आता तो वर जाईल म्हणून भीती वाटे. आरशासमोर उभे राहून ते गणवेशांची चित्रे बघत आणि हात खाली ठेवायचा सराव करत. बायको दारातून एकदम "सावधान!" म्हणून ओरडे. सुरुवातीला हात खिशात उसळी मारी. सहा महिन्यांत तो गप्प पडून राहू लागला. हे जमले त्या दिवशी काकांना फार अभिमान वाटला. पंधरा वर्षांच्या नोकरीला त्यांनी सहा महिन्यांत हरवले होते.

मग एक दिवस बसथांब्यामागच्या बोळातून निरोप आला.

उंटाला निरोप द्यायला पलटणीतले सात म्हातारे जमले. त्याच्या उंचीची शवपेटी मिळाली नव्हती, ती करून घ्यावी लागली होती. पेटी बोळातून निघाली तेव्हा सातही जण एका ओळीत उभे राहिले. कोणी हुकूम दिला नाही. एकाची कंबर गेलेली होती, एकाला दिसत नव्हते, एकाला बायकोने दंडाला धरून उभे केले होते. सहा हात भुवईला गेले.

काकांनी समोर पाहिले. रस्त्याच्या पलीकडे वाणी होता. त्याच्या शेजारी मास्तरीणबाई होत्या, रुमाल डोळ्यांना लावलेला, पण रुमालाच्या वरून बघत होत्या. आणि दिव्याच्या खांबाजवळ काखेत फाइल धरलेला एक अनोळखी माणूस काहीतरी लिहून घेत होता. काकांचा हात खिशात होता. तो त्यांनी बाहेर काढला. छातीपर्यंत आणला. कोटाचे बटण चाचपल्यासारखे केले, आणि पुन्हा खाली सोडला.

पेटी पुढे गेली. फाइलवाला माणूस विजेचे मीटर वाचणारा होता, हे काकांना जाताना कळले. खांदा त्या दिवशी दुखतही नव्हता.

तुम्ही म्हणाल, आम्ही असतो तर ठोकला असता. नक्कीच ठोकला असता. तुमच्या खांद्याचा अजून कोणी कागद मागितलेला नाही. आणि त्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे जी माणसे उभी होती, त्यांतल्या एकाचीही नजर पेटीवर नव्हती. ती कुठे होती ते तुम्हाला माहीत आहे, कारण मघापासून तुमचीही तिथेच आहे.

पेटीकडे कोणी पाहिले नाही, म्हणून एवढे इथे नोंदवतो: उंट गेला तो थोरलीच्या मुलाला पहिला दात आला त्या वर्षी, चौदा मार्चला, गुरुवारी, सकाळी सव्वानऊ वाजता.